एरांगेल पुरे झालं, मिरामार खेळा

परळ_स्क्वॉड
आमचा चौघांचा स्क्वॉड (संघ) २०१८ पासून एकत्र आहे, आधी मोबाईलवर पबजी खेळायचो, आता त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय, शेवटी उरेल तो जिंकतो असा गोळीबाराचा खेळ. सगळे परळचे, त्यातला एक लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला. रात्री साडेदहाला लॉबीत जमतो आणि रोज तोच वाद, मॅप म्हणजे खेळायचं मैदान कुठलं? तिघं एरांगेल, मी एकटा मिरामार. काल वादात अकरा वाजले, मॅच झालीच नाही. म्हणून इथे मांडतोय.

माझं म्हणणं असं की बीजीएमआय खरंच शिकायचं असेल तर मिरामारला पर्याय नाही. दोन्ही मॅप आठ बाय आठ किलोमीटरचे, खेळाडूही शंभरच. पण एरांगेलमध्ये अडकलात तरी झाड सापडतं, नाहीतर गवत आहेच, पडून राहायचं. मिरामार वाळवंट आहे. तिथे कव्हर म्हणजे टेकडीची पलीकडची उतरण, एखादा खडक, नाहीतर आपलीच गाडी. त्यामुळे झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ, बाहेर राहिलात तर मरता) दिसला की लगेच ठरवावं लागतं. कुठल्या बाजूने शिरायचं, कोणती रिज (टेकडीची धार) आधी धरायची, गाडीत पेट्रोल किती उरलंय. एरांगेलमध्ये आम्ही पोचिंकी गावात उतरतो, फाईट घेतो, वाचलो तर पुढचं बघतो. असंच मिरामारमध्ये पेकाडो शहरात उतरलो आणि गाडी नाही मिळाली, तर शत्रूची गरजच नाही, झोनच मारतो. तीन वर्षं पोचिंकी खेळून आमचं रोटेशन, म्हणजे झोनकडे कधी आणि कुठून सरकायचं ते, होतं तिथेच आहे.

सोस्नोव्का_९८
भावा, तू एरांगेल नाही, पोचिंकी खेळतोयस. त्याचा राग मॅपवर काढू नकोस.

आधी गवताचं. ठराविक अंतराच्या पुढे गेम गवत दाखवतच नाही. तुला वाटतं तू लपलास, पण लांबच्या रिजवर ८एक्स दुर्बीण लावून बसलेल्याला तू मोकळ्या जमिनीवर आडवा पडलेला दिसतोस. एरांगेलचं शेत फसवं आहे आणि ते ओळखायला वर्ष जातं.

आता रोटेशन. मिलिटरी बेस वेगळ्या बेटावर, तिकडून मुख्य जमिनीवर यायला दोनच पूल. बेसमध्ये लूट भरली आणि झोन पार उत्तरेला सेव्हर्नीला गेला, तर काय करशील? पुलावर कोणी गाड्या आडव्या लावून बसलं असेल का? बोट शोधायची की पोहत जायचं? पोहताना बंदूक चालत नाही. आमचा आयजीएल (मॅचमध्ये निर्णय घेणारा कॅप्टन) हा निर्णय विमानात बसल्यावरच घेतो, कारण खाली उतरल्यावर उशीर झालेला असतो. पूल कधी ओलांडायचा हे ज्याला कळलं त्याला रोटेशन कळलं.

आणि विविधता बघ. जॉर्जोपोलचे कंटेनर, शेल्टरची भुयारं, शाळेचे जिने, क्वारीचा खड्डा. प्रत्येक ठिकाणी फाईटची पद्धत वेगळी. मिरामारमध्ये शहरं सोडली की टेकडीमागून टेकडी.

मला या मॅपची माया आहे हेही सांगतो. पीसीवर २०१७ मध्ये मूळ पबजी आला तो याच मॅपवर. खेळ बनवणाऱ्या ब्रेंडन ग्रीनने मॅपचं नाव स्वतःच्या मुलीच्या नावावरून घडवलं. मोबाईलवर नवा एरांगेल, खंदक आणि पडीक रणगाडे असलेला, सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या २ तारखेला आपल्याकडे पबजी मोबाईलवर बंदी लागली. जुलै २०२१ ला बीजीएमआय सुरू झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर मिल्टा पॉवरला एकटा उतरून नुसता फिरलो.

वसई_७_४२
तुमचं दोघांचं घरी वायफायवर बसून चाललंय. मी खेळतो ते वसई ते अंधेरी, तेही खिडकी मिळाली तर. एरांगेल किंवा मिरामारची मॅच शेवटपर्यंत गेली की अर्धा तास लागतो. बोरिवलीला गर्दी आत आली की कोपर हलत नाही आणि नेमका तेव्हा शेवटचा झोन चालू असतो. नायगाव सोडून खाडीचा पूल आला की नेटवर्क अडकतं, पिंग लाल. तीन मित्रांना अर्ध्यात सोडायला मला आवडत नाही.

लिविक मॅप दोन बाय दोन किलोमीटरचा, ५२ खेळाडू, पंधरा मिनिटांत निकाल. हिशोब करा. एरांगेलमध्ये चौरस किलोमीटरला दीड माणूस, लिविकमध्ये तेरा. पाच मिनिटं धावून एका गोळीत मरण्यापेक्षा हे बरं. लिविकला पोरांचा मॅप म्हणणाऱ्यांनी नोकरी, घर सांभाळून खेळून दाखवावं.

परळ_स्क्वॉड
@सोस्नोव्का_९८ गवताचं मान्य. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं तर त्यानेच मी कितीतरी वेळा मेलोय.
पण टेकडीमागून टेकडी हे मान्य नाही. लॉस लिओनेसच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींत एकदा वरचा मजला धरून बघ.
@वसई_७_४२ वेळेचं कारण खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण लिविकमध्ये शिकायला काय मिळतं? थर्ड पार्टी (दोघांच्या फाईटमध्ये घुसणारा तिसरा स्क्वॉड) इतक्या लवकर येते की एका फाईटमधली चूक कळायच्या आत दुसरी सुरू.

कळव्याची_स्नायपर
सॅनहॉक मॅपचं नाव कोणीच घेत नाही? चार बाय चार, माणसं तीच शंभर. आठ बायच्या मॅपच्या चौपट दाटी, तरी लिविकपेक्षा श्वास घ्यायला जागा. नावही किती छान, थाई भाषेतलं ‘सनुक’ म्हणजे मजा आणि फिलिपिनोतलं ‘मनोक’ म्हणजे कोंबडी. जिंकल्यावर ‘चिकन डिनर’ म्हणणाऱ्या खेळाला याहून योग्य नाव नाही.

दादा, तुमच्या मिरामारची माझी अडचण साधी आहे. माझा फोन स्वस्तातला. सहाशे मीटरवरचा माणूस माझ्या स्क्रीनवर ठिपकाही नसतो. चांगला फोनवाला मला बघतो, मी त्याला नाही. ही कौशल्याची परीक्षा कशी? सॅनहॉकमध्ये फाईट जवळची, कानावर. पाऊस सुरू झाला की पावलांचा आवाज बुडतो. मी तेव्हाच जागा बदलते, आणि बूटकॅम्प या लष्करी तळाच्या कडेने शिरते. तीनचाकी टुकशाय तर आपल्या रिक्षाची बहीण, उताराला तशीच कलंडते.

सोस्नोव्का_९८
फोनचा मुद्दा बरोबर, ताई. माझा आधीचा फोन असताना मीही मिरामार डाउनलोडच केला नव्हता.

बदलापूर_लास्ट_मॅन
धागा आत्ता वाचला. तो चौथा मीच.

अरे, तू मला एकदाही विचारलं नाहीस मी एरांगेल का म्हणतो. मिरामारमध्ये गाडी नेहमी मी चालवतो. रिज आली की तुम्ही तिघं उड्या मारता. मी गाडी खडकामागे लावून येईपर्यंत दोन स्क्वॉड नॉक होऊन (जखमी होऊन) पडलेले असतात, नाहीतर तुम्ही. माझ्या वाट्याला धुराचे स्मोक टाकणं आणि पडलेल्याला उठवणं, रिव्हाइव्ह. एरांगेलमध्ये निम्मा वेळ आपण चौघं पायी असतो, यास्नाया शहराच्या खालून, झाडांमधून, बोलत. घरी येतो साडेनऊला, जेवून दहा. दिवसभरात तुमच्याशी बोलणं होतं ते एवढंच.

रोटेशन तुझंच चांगलं आहे, ते मला मान्य आहे. पण शिकायचंय ते तुला.

परळ_स्क्वॉड
हे तू कॉलवर कधी बोलला नाहीस.

आज एरांगेल, साडेदहा. पोचिंकी नको, यास्नाया. शनिवारी मिरामार, गाडी मी चालवतो, रिजवर पहिला तू उतर.