टपऱ्या बंद होत्या तेव्हा : सोलापूरकरांचे विडी-सिगारेटचे अनुभव

३१ मे, तंबाखूविरोधी दिन जवळ आलाय, म्हणून यंदा मुद्दाम विचारतोय. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तुमच्या घरातल्या विडी-सिगारेटचं काय झालं? सुटली, वाढली, नव्यानं लागली, सोडून परत धरली, जे झालं असेल ते लिहा. ओढणाऱ्यांनी लिहा, ओढणाऱ्यांच्या घरच्यांनी लिहा, आणि वळणाऱ्यांनी तर जरूर लिहा. आपलं गाव विड्या वळून जगलेलं गाव आहे. इथं हा विषय नुसत्या फुप्फुसाचा नाही, पोटाचाही आहे. कोणाला उपदेश करू नका, एवढीच विनंती.

सुरुवात माझ्यापासून.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. २०२० साली वय ४४, रोजच्या बारा सिगारेटी. २४ मार्चच्या रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झालं आणि सव्वाआठला मी चप्पल घालून बाहेर पडलो होतो. पाच पाकिटं घेऊन आलो. घरात दूध नव्हतं, हे परत आल्यावर आठवलं. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. ही गोष्ट मला आजही बोचते.

पाच पाकिटं एरवी चार दिवसांत संपली असती, ती मोजून मोजून दहा दिवस पुरवली. मग तिप्पट दरानं घेतली. १५ एप्रिलला केंद्राच्या आदेशात दारू, गुटखा, तंबाखूच्या विक्रीवर देशभर बंदी आली, आणि साधारण त्याच सुमाराला सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण निघाला. पेठा सील झाल्या. मागच्या गल्लीत अर्धं शटर वर करून देणाराही बंद झाला. पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं, झोप नाही, हातातून चमचा पडला म्हणून थोरलीवर ओरडलो. चौथ्या दिवसापासून जरा बरं वाटायला लागलं.

दोन आठवड्यांनी खोकला सुरू झाला. मला वाटलं, आलाच आपल्या घरात. वरच्या खोलीत वेगळा झोपलो, ताट दाराबाहेर ठेवून घेतलं. तपासणी निगेटिव्ह आली. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं, की धुरानं लुळे पडलेले श्वासनलिकेतले बारीक केस सिगारेट थांबल्यावर परत हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून काही आठवडे खोकला वाढू शकतो. त्या वर्षी या खोकल्याला घाबरून कितीजणांनी पुन्हा पेटवली असेल, कोण जाणे.

जूनमध्ये टपरी उघडली आणि पहिल्याच दिवशी मी पेटवली. दीड महिना मी सोडलीच नव्हती. मिळत नव्हती, एवढंच.

खरी सुटली ऑक्टोबरमध्ये. वडिलांना कोरोना होऊन गेला, घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचं ठरलं. मशीन घेऊन आलेल्या पोऱ्यानं नळी जोडता जोडता विचारलं, "घरात कोणी ओढतं का? याच्याजवळ काडीसुद्धा पेटवायची नाही." आई लगेच म्हणाली, "नाही बाबा, आमच्यात कोणी नाही." मी दाराशी उभा होतो. खिशात पाकीट होतं. आई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की सोडतोय, चिडलो तर सांभाळून घ्या. वडील सात आठवड्यांनी मशीनवरून उतरले. मी त्यानंतर ओढलेली नाही.

आता तुम्ही लिहा.

अशोक चौक, यंत्रमाग कामगार

माझी वाढली. खरं तेच सांगतो. माग बंद, पगार बंद, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. दुकानं बंद असली तरी आमच्या गल्लीत विडीला काय तोटा? प्रत्येक घरात कोणीतरी वळतंय. छाट म्हणून बाजूला पडलेल्या विड्या मिळायच्या. दुपारचं जेवण पोरांना द्यायचं आणि आपण चहावर एक विडी ओढून भूक मारायची, असं दोन महिने चाललं. एक बंडल लागायचं ते दोन लागायला लागलं. माग सुरू झाल्यावर कमी होईल वाटलं होतं, झाली नाही. आता दीड बंडलावर आलोय. सोडायचं मनात आहे.

कोविड वॉर्डात काम केलेली परिचारिका, होटगी रोड

२०२०च्या मे महिन्यात वॉर्डात एक बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरत होती, सिगारेट ओढणाऱ्यांना म्हणे कोरोना कमी होतो. फ्रान्समधल्या एका अंदाजावरून ते निघालं होतं. पेशंट मला मोबाईल दाखवून वाद घालायचे. ११ मेला जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. ते मात्र कोणी पुढं पाठवलं नाही.

दुसरं सांगते, घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दल. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा धरून बसतो आणि बोटावरच्या त्या चिमट्याला दोन्ही सारखेच दिसतात. नुकतीच सिगारेट ओढलेल्या माणसाचा आकडा आहे त्याहून चांगला दिसू शकतो. "मॅडम, ९७ आहे की ओ" म्हणणाऱ्या काहींना मी दमानं चालायला लावायची, तेव्हा खरं कळायचं.

आणि एक मनात राहिलेलं. चौदा-पंधरा दिवस वॉर्डात राहिलेल्या माणसाच्या अंगातलं निकोटिन तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातं. सगळ्यात वाईट दिवस तो आमच्याकडं तापात काढतो, त्याला कळतही नाही. म्हणजे सुटण्याचं अर्धं काम झालेलं असतं. पण घरी सोडताना आम्ही त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी द्यायचो, तंबाखूबद्दल बोलायला आमच्याकडं दोन मिनिटं नसायची. गेटबाहेर भावानं आणलेल्या पाकिटातली पेटवताना मी खिडकीतून पाहिलेत. त्यांच्यावर राग नाही. ती दोन मिनिटं आम्ही काढायला हवी होती.

जुळे सोलापूर, सध्या पुण्यात नोकरी

मी मुलगी आहे आणि मी ओढायचे. लॉकडाऊनमध्ये घरी परतले, आई-बाबांना माहीत नव्हतं, त्यामुळं एका दिवसात बंद. आठ महिने एकही नाही. पुण्यात परत गेले त्या आठवड्यात सुरू झाली. लपवून सोडलेली गोष्ट लपूनच परत येते, हा माझा अनुभव. दुसऱ्यांदा बहिणीला सांगून सोडली. ती रोज रात्री फोन करायची, सिगारेटचं नावही काढायची नाही, नुसती बोलत बसायची.

सात रस्ता परिसर, पानटपरी

माझ्या टपरीला डाव्या बाजूला काथ्याची दोरी टांगलेली असायची, टोकाला कायम धुमसती. गिऱ्हाईक आलं की दोरी तोंडाजवळ ओढायचं, फुंकर मारून निखारा फुलवायचं, पेटवायचं, सोडून द्यायचं. दिवसाला दोन-अडीचशे माणसं त्याच दोरीवर फुंकर मारायची. २०२०च्या जूनमध्ये टपरी परत उघडली तेव्हा मी दोरीकडं बघत राहिलो. वडिलांच्या काळापासूनची दोरी. काढून टाकली.

अजून एक बदललेलं सांगतो. आधी चौघात एक सिगारेट फिरायची, पोरं-पोरं दोन-दोन झुरके मारायची. कोरोनानंतर उष्टी कोणी घेईना. काही पोरं त्यामुळं थांबली, परवडत नव्हती म्हणून. आणि काही जण आख्खी ओढायला लागले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं सुट्टी सिगारेट-विडी विकायला बंदी केली. धंदा बसला, मी दोन वेळा दंडही भरला. पण बापाच्या नात्यानं विचाराल तर शाळेतल्या पोराला एक सिगारेट सहज मिळू नये, हे मला पटतं. मी आता चहा आणि बिस्किटं जास्त ठेवतो.

साखर पेठ

मी सिगारेट सोडून मावा धरला. लॉकडाऊनमध्ये घरात धूर करता येत नव्हता, माव्याला वास कमी. मास्कखाली तोंड भरलेलं कोणाला दिसतं? वर्षभरात तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, तिखट लागलं की जीभ पेटायची. दाताच्या डॉक्टरांनी आरशात पांढरे पट्टे दाखवले. बंद केलंय. ज्यांनी "निदान धूर तरी नाही" म्हणून मावा धरलाय, त्यांनी आजच आरशात तोंड उघडून बघा.

कुंभारी, विडी कामगार

माझी लेक टाइप करतेय, मी सांगतेय.

मी तेरा वर्षांची असल्यापासून वळते, आता बावन्न. आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी शेजारापाजारात शिकले. आमच्या वसाहतीत १०,००० घरं आहेत, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. सकाळी उंबऱ्यात बसलं की पुढं सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात पान. पान आदल्या दिवशी भिजवायचं, नाहीतर तुटतं. पत्रा ठेवून कातरीनं कापायचं, चिमूट तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड दाबायचं. पंचवीसचा एक कट्टा. हजार झाल्या की दिवस झाला.

लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद झाला. पान नाही, तंबाखू नाही, मजुरी नाही. हात रिकामे ठेवायची सवय नाही आम्हाला. मी नुसती सूप पुढं घेऊन बसायची. पण गंमत नाही, खरं सांगते, तिसऱ्या आठवड्यात माझी सकाळची चक्कर थांबली. खोकला कमी झाला. मी आयुष्यात विडी तोंडाला लावलेली नाही. तरी चाळीस वर्षं ती भुकटी नाकातोंडात जात होती, हे मला काम बंद पडल्यावर समजलं.

आमचे हे पंचवीस वर्षं ओढत होते. मी वळलेलीच. मी कट्टा बांधायची, ते त्यातली एक काढून कानावर ठेवायचे, मी हसायची. २०२१च्या एप्रिलमध्ये त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. छातीच्या फोटोचा स्कोअर १६. बेड मिळेपर्यंत रिक्षातच सहा तास. डॉक्टरनी विचारलं, किती ओढतात? माझ्या तोंडातून आकडा निघेना. मला वाटलं, माझ्यावरच केस लिहितील.

ते वाचले. घरी आले त्या दिवशी मी वळत बसले होते, कारण दवाखान्याचं देणं होतं. ते पलंगावर, मी उंबऱ्यात. त्यांनी पलंगाचं तोंड भिंतीकडं करायला सांगितलं. म्हणाले, "तू कर तुझं काम, मला दिसू देऊ नको." तीन महिने तसा पलंग होता. तीन महिने मी कट्टे मोजताना त्यांना आवाज जाऊ नये म्हणून मनात मोजायची. आता ओढत नाहीत.

लोक म्हणतात विडी बंद करा. करा की. पण आमच्या बायकांना आधी हाताला काम द्या. माझी लेक शिवणकाम शिकली, ती वळत नाही. मी वळते. नवऱ्याची सुटावी म्हणून देवाला नारळ फोडला आणि त्याच दिवशी हजार वळून दिल्या. दोन्ही मी केलंय आणि मला दोन्हीची लाज नाही.

शेळगी

यांना मे २०२१ मध्ये गमावलं. पॉझिटिव्ह कळलं त्याच दुपारी त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं आणि मला म्हणाले, आता बघ, कायमची सुटली. नऊ दिवस. सिगारेटमुळंच गेले असं मी म्हणत नाही, न ओढणारेही गेले. माझा मुलगा वडिलांची रिकामी पाकिटं दप्तरात ठेवायचा, त्यात खडू. एवढंच लिहू शकते.

विजापूर रोड, शिक्षक

माझा अनुभव छोटा आहे. कोरोनात वास गेला, चव गेली. बरा झाल्यावर पेटवली तर तोंडात नुसती गरम हवा. शेंगाचटणी, कडक भाकरी, काहीच कळत नव्हतं, तशीच सिगारेटही. ओढण्यात काही उरलंच नाही. सव्वा महिन्यानं वास परत आला तो आधी शेंगाचटणीतल्या लसणाचा. म्हटलं, आता हाच ठेवायचा.

रिक्षाचालक, बाळे

सगळं वाचलं. २०२० मध्ये रिक्षा बंद होती तेव्हा सुटली होती, गाडी सुरू झाल्यावर स्टँडवर परत लागली. आता आज अकरावा दिवस आहे. पाकिटावरच्या १८००-११-२३५६ या नंबरवर फोन केला होता, चांगलं बोलले. त्यांनी सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून निकोटिनचा गम आणला. पण खाल्ला की घशात जळजळतं, उचकी लागते. टाकून द्यावा वाटतोय. सकाळी उठल्या उठल्या चहाबरोबर लै तलफ येते. काय करू, दादा?

धागाकर्ता

टाकू नकोस. मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं, मी च्युइंगमसारखा भराभर चावत होतो. तो तसा नाही. चार-पाच वेळा सावकाश चाव, मिरीसारखं झिणझिणलं की थांब आणि गालात दाबून ठेव. झिणझिण गेली की परत दोनदा चाव, मग दुसऱ्या गालात. एक गम अर्धा तास चालला पाहिजे. लाळ घटाघट गिळू नकोस, उचकी त्यानंच लागते.

तुझा २ मिलिग्रॅमचा असेल. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवायचास का? तसं असेल तर ४चा लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारून घे. छातीचं किंवा बीपीचं काही असेल तर तेही त्यांना सांग.

आणि चहाबरोबर गम नको, चहानं त्याचं निकोटिन तोंडात नीट उतरत नाही. आधी चहा घे, पंधरा मिनिटं थांब, मग गम. ती पंधरा मिनिटं स्टँडवर जाऊ नकोस, घरातच बस. मी त्या वेळात आईबरोबर शेंगा सोलायचो.