रायफलीचं मॅगझिन पत्र्याचं बरं, अॅल्युमिनियमचं की प्लास्टिकचं?

सत्तरीकर फौजी

चवथीला भाचा रजेवर आलाय. माटोळीला सुपारीचे कातरे बांधता बांधता विषय रायफलीवर गेला, जाणारच, घरात दोन फौजी असले की दुसरं काय बोलणार. तर तो म्हणतो मामा आता सगळं पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक, तुमचा तो पत्र्याचा डबा म्युझियममध्ये ठेवायचा. बायको म्हणाली आधी नारळ बांधा. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच, म्हणून इथं विचारतो.

माझी निम्मी नोकरी एसएलआर या जुन्या रायफलीवर गेली. मॅगझिन म्हणजे गोळ्यांचा डबा वीस राउंडचा, चांगला जाड पोलादी पत्रा. एकदा गाडीतून उडी मारताना पाउचमधून सुटलं आणि तोंडावरच खडकावर आपटलं. तोंडाशी राउंड धरून ठेवणाऱ्या दोन लिप असतात, त्यातली एक वाकून आत आली, राउंड भरायला जावं तर अडकायचा. आर्मररने, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने, पकड घेतली, डमी राउंड घालून बघत बघत जरा दाबलं, पुन्हा बघितलं, पुन्हा दाबलं, दहा मिनिटांत काम फत्ते. मी ते युनिट सोडलं तेव्हाही ते मॅगझिन कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, होतं, लिपवर पकडीचे दात उमटलेले तसेच. आता सांगा, प्लास्टिकची लिप तुटली तर काय फेविक्विक लावणार?

आणि नंतर आलेल्या इन्सास रायफलीचं सगळ्यांना ठाऊकच आहे. १९९९ ला कारगिलच्या वेळी ती प्लास्टिकची मॅगझिनं थंडीत तडकली म्हणून पेपरात किती आलं होतं. मी स्वतः तिथं नव्हतो, उगाच बढाई मारत नाही, पण तेव्हापासून प्लास्टिकवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. अॅल्युमिनियम तर मी धरतच नाही, ना पत्रा ना प्लास्टिक, टोपाचं झाकण नुसतं.

वेर्ण्याचा मोल्डर

काका, नमस्कार. मी फौजी नाही, एनसीसीत बंदूक धरली तेवढीच, पण पंधरा वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काढलीत म्हणून राहवत नाही. "प्लास्टिक" म्हणून एक वस्तूच नसते हो. बाजारात "मासे द्या" म्हटलं तर कोण काय देईल, तारले का इसवण? तसंच हे. पाण्याची बाटली पण प्लास्टिक आणि गाडीच्या इंजिनातली इनटेक मॅनिफोल्ड पण प्लास्टिक.

आता जी चांगली मॅगझिनं येतात ती बहुतेक काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनची असतात. आणि नायलॉनची एक गंमत सांगतो जी आम्ही रोज बघतो. मशीनमधून पार्ट निघाला तेव्हा तो कोरडा ठणठणीत असतो, तेव्हाच जोरात आपटला तर टणकन तुटू शकतो. तोच पार्ट पाण्यात ठेवा किंवा चार आठवडे दमट हवेत राहू द्या, हवेतलं पाणी पितो आणि चिवट होतो, मग आपटा किती आपटायचा तो. काही पार्ट तर आम्ही मुद्दाम पाण्यात घालून मग पाठवतो. काचेचे तंतू घातलेल्यात फरक थोडा कमी पडतो पण पडतो. म्हणजे आपल्या गोव्याची हवा, जिच्यात पापड दोन दिवस टिकत नाही, ती नायलॉनला टॉनिक आहे. लडाखची कोरडी थंडी म्हणजे बरोब्बर उलटं, दोन्ही बाजूंनी मार.

आणि थंडीत प्लास्टिक फुटतंच असं म्हणाल तर ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९७७ मध्ये स्टायर ऑग रायफल घेतली, तिचं मॅगझिन आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं. ऑस्ट्रियात बर्फ पडत नाही का? आल्प्स आहेत तिथं. मग दोष प्लास्टिकचा, का कुठलं प्लास्टिक निवडलं, भिंत किती जाड धरली, कोपऱ्याला गोलाई दिली का नाही याचा? कोपरा टोकदार ठेवलात तर तडा तिथनंच सुरू होतो, हे आमच्याकडचा नवा पोरगापण सांगेल.

शंकासुर

दोघेही अॅल्युमिनियमला पायपुसणं करून मोकळे 😀 अरे बाबांनो जगात सगळ्यात जास्त वर्षं चाललेल्यांपैकी एक मॅगझिन अॅल्युमिनियमचंच आहे, अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचं. साठीच्या दशकापासून आजपर्यंत.

वजन बघा. तीस राउंडचं रिकामं अॅल्युमिनियमचं साधारण ११० ते १२० ग्रॅम. पॉलिमरचं १४० च्या आसपास. पोलादी घ्याल तर अडीचशेच्या घरात. म्हणजे जे लोक "हलकं म्हणून पॉलिमर" म्हणतात ते चुकीचं बोलतात, अॅल्युमिनियमच सगळ्यात हलकं, कारण त्याची भिंत पातळ ठेवता येते आणि प्लास्टिकची जाड ठेवावीच लागते. त्या जाडीमुळे काही रायफलींच्या तोंडात पॉलिमर बसतच नाही. अमेरिकन मरीन्सनी २०१२ ला पॉलिमर वापरायचं नाही असा हुकूमच काढला होता, कारण मॅगपुल कंपनीचं सुरुवातीचं पॉलिमर मॅगझिन, पीमॅग, त्यांच्या नव्या एम-२७ रायफलीत नीट बसत नव्हतं. अॅल्युमिनियमला असला लाड नाही.

सत्तरीकर फौजी

शंकासुरा, हुकूम काढला ते सांगितलंस, मग पुढचं का गाळलंस? त्याच मरीन्सनी २०१६ च्या शेवटी सुधारलेलं पॉलिमर घ्यायला परवानगी दिली की. भाचा बाजूला बसून हे वाचतोय, त्यानेच सांगितलं. म्हणजे मी माझ्याच विरुद्ध बोलतोय, पण खोटं तरी कशाला.

आणि अॅल्युमिनियमचं म्हणशील तर रशियन लोकांनी करून बघितलंय. एके ची पहिली पोलादी मॅगझिनं रिकामी ४३० ग्रॅमची, मग पत्र्याला उभ्या-आडव्या कडा दाबून तीच ३३० वर आणली, मग साठीच्या सुरुवातीला अॅल्युमिनियमचं काढलं, अवघं १९० ग्रॅम. काय झालं? टिकेना. सोडून दिलं. त्यानंतर ते थेट बेकेलाइटसारख्या लालसर प्लास्टिकवर गेले पण तोंडाशी, जिथं घासतं आणि जिथं रायफलीत अडकतं, तिथं आत पोलाद घातलंच ना? मग जिंकलं कोण, पोलादच.

वेर्ण्याचा मोल्डर

काका हे म्हणजे भजीत कांदा आहे म्हणून भजी म्हणजे कांदाच असं झालं 😄

शंकासुर

एके मध्ये मॅगझिन पुढनं अडकवून मागे फिरवून बसवतात, सगळा जोर त्या पुढच्या नि मागच्या कानांवर. मऊ धातूचे कान झिजणारच. एम-१६ मध्ये सरळ वर सरकवायचं, बाजूला एक खाच. तिथं अॅल्युमिनियमला तेवढा मार नाही. एका बंदुकीचं माप दुसरीला लावू नका मरे.

आणि मुळात ते वीस राउंडचं अॅल्युमिनियमचं बनवलं तेव्हा विचार होता वापरा नि फेका असा. केळीच्या पानासारखं, जेवण झालं की टाकून द्या. नंतर लोक तीच वर्षानुवर्षं धूत-पुसत वापरायला लागले आणि मग बोंब मारतात वाकलं म्हणून.

मालीमचा मेकॅनिक

मला बंदुकीतलं शून्य कळतं. पण ट्रॉलरवरचं कळतं. अॅल्युमिनियमच्या प्लेटला लोखंडी बोल्ट लावला आणि खारं पाणी लागलं की एका सीझनमध्ये बोल्टाच्या भोवती पांढरं पीठ. प्लेट खाल्ली जाते, बोल्ट शाबूत. आणि तुमच्या त्या मॅगझिनच्या आत स्प्रिंग कशाची, पोलादाचीच ना? वरचा कोट जिथं खरवडला जाईल तिथं हेच होणार समुद्राकाठी. नुसत्या पत्र्याचं तर बोलायलाच नको, जूनमध्ये पाना जेटीवर विसरलो तर सकाळी लाल.

शंकासुर

कोट असतो ना, अॅनोडाइज केलेलं असतं.

मालीमचा मेकॅनिक

बोटीवरच्या पार्टांना पण असतो. ओरखडा पडेपर्यंत.

पेडण्याचा बागायतदार

तुम्ही सगळे फौजेच्या गोष्टी करताय, आमच्यासारख्यांच्या हातात यातलं काही येणारच नाही, ते बोअर सिव्हिलियनला बंदच. आमच्याकडे वडिलांच्या वेळेची ३१५ बोअरची रायफल आहे, काजूच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून लायसन काढलेलं. पाच गोळ्यांचं पोलादी मॅगझिन. म्हणजे मला चॉइसच नाही, पत्रा एके पत्रा.

पण अनुभव सांगतो. इलेक्शन आलं की बंदूक जमा करायची. एका वर्षी जमा झाली ती काही ना काही कारणाने पावसाळाभर तिथंच राहिली, कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही, उगाच पुढच्या वेळी तोंड दाखवायचंय. परत मिळाली तेव्हा बाहेरनं ठीक दिसत होती, नळीला तेल होतं. घरी येऊन मॅगझिन काढलं, आतला प्लेटफॉर्म, म्हणजे गोळ्यांना वर ढकलणारी पट्टी, बोटाने खाली दाबला, तो खाली गेला आणि वर आलाच नाही. हळूहळू, म्हातारा माणूस खुर्चीतनं उठतो तसा, अर्ध्यावर येऊन थांबला. आत बघतो तर स्प्रिंगच्या वेढ्यांत लाल चिखल. रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवलं, दात घासायच्या ब्रशने एकेक वेढा साफ केला. डबा प्लास्टिकचा असता तर डबा नसता गंजला हे मान्य, पण स्प्रिंग तर गंजलीच असती.

सत्तरीकर फौजी

बागायतदारांनी लाख मोलाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे उस्ताद रोज ओरडायचे, फुलथ्रू (साफ करायची दोरी) नि चिंदी नळीपुरती नाही, मॅगझिन पण उघडा. कोण उघडतंय? बॉटम प्लेट सरकवायची, स्प्रिंग टुणकन तोंडावर, मग ती परत बसवताना उलटी जाते आणि सगळी बराक हसते. म्हणून पोरं वरनंच पुसून ठेवायची.

मात्र तेलसुद्धा जास्त घातलं की वाट लागते, धूळ चिकटते, आत रगडा होतो. राजस्थानात असताना आम्ही आतनं कोरडंच ठेवायचो. कोकणपट्टीला कोरडं ठेवलं की गंज. म्हणजे पत्र्याला माणूस लागतो मागे, तेवढं मी मान्य करतो. पण तो तर फौजेत असतोच ना, पहाटे पाचला उठवलेला.

वेर्ण्याचा मोल्डर

"माणूस लागतो" हे तुम्हीच म्हणालात, मी नाही.

आता प्लास्टिकची खरी कमजोरी मीच सांगतो, तुम्ही सगळे भलतीकडेच दगड मारताय. प्लास्टिकवर सतत दाब ठेवला तर ते हळूहळू सरकतं, धातूपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या गोडाऊनमध्ये प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचून वर्षभर ठेवले की खालच्याचं पोट बाहेर येतं, बघा कधी. भरलेलं मॅगझिन महिनोन्‌महिने ठेवलं तर स्प्रिंगचा सगळा दाब त्या दोन लिप्सवर, त्या उघडत जाऊ शकतात. म्हणूनच २००७ ला मॅगपुलचं पीमॅग आलं तेव्हा त्याच्यासोबत वरनं लावायची टोपी होती. लोकांना वाटतं धुळीसाठी आहे. धुळीसाठी आहेच, पण ती वरचा राउंड थोडा खाली दाबून धरते आणि लिप्सवरचा भार काढते. आणि ती स्प्रिंग दबून दबून मरते असं जे म्हणतात ना, ते फारसं खरं नाही. चांगल्या स्टीलची स्प्रिंग नुसती दबून राहिली म्हणून मरत नाही, वरखाली करून करून थकते.

दुसरं, डासांचं औषध. डीट नावाचं रसायन असतं त्यात. काही प्लास्टिकं ते लागलं की चिकट होतात, पांढरी पडतात, तडकतात, पॉलिकार्बोनेट तर हमखास. माझ्या घड्याळाची काच अशीच गेली, नेत्रावळीला ट्रेकला गेलो होतो. हाताला क्रीम आणि तोच हात मनगटाला. नायलॉनला त्याचं फारसं काही होत नाही. म्हणजे परत तेच, कुठलं प्लास्टिक ते विचारा.

शंकासुर

मोल्डर साहेब प्रामाणिक माणूस, म्हणून मीपण जरा प्रामाणिक होतो. अॅल्युमिनियमचं सगळ्यात मोठं दुखणं लिप्स. पोलादाची वाकली तर काकांच्या आर्मररसारखी सरळ होते. अॅल्युमिनियमची एकदा सरळ केली तर केली, दुसऱ्यांदा तिथनंच चीर जाते. प्लास्टिकची एकतर परत जागेवर येते नाहीतर तुटते, आणि तुटलेली दिसते तरी! अॅल्युमिनियमची वाकलेली अर्धा मिलिमीटर डोळ्याला कळत नाही आणि तुम्ही रेंजवर रायफलीला शिव्या देत बसता.

पण हे बघा की अमेरिकेत त्याच अॅल्युमिनियमच्या डब्यात आतला प्लेटफॉर्म किती वेळा बदलला, काळा, मग हिरवा, मग २००९ ला मातकट. डबा तोच. कारण ते मॅगझिन वर सरळ आणि खाली वाकडं आहे, त्या वळणावर प्लेटफॉर्म पुढे कलंडायचा आणि राउंडचं नाक खाली जायचं. डबा कशाचा यापेक्षा तो कलंडतो का नाही यावर स्टॉपेज, म्हणजे रायफल मध्येच अडकणं, ठरत होतं. आपण इथं दोन दिवस डब्यावरनं भांडतोय.

सत्तरीकर फौजी

डब्यावरनं भांडायलाच धागा काढलाय, मग काय पातोळ्यांवरनं भांडायचं?

असो. भाच्याबरोबर कागद-पेन घेऊन हिशोब केला. एके चा एक राउंड सोळा ग्रॅमच्या वर जातो. पोलादी ३३० आणि पॉलिमर अडीचशे धरलं तर एका मॅगझिनमागे ऐंशी ग्रॅम, चार मॅगझिनमागे ३२० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ वीस राउंडचं वजन. त्याने कागद माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, मामा, डोंगर चढताना वीस राउंड जास्त नेशील का वीस राउंडएवढा पत्रा? मी म्हटलं पत्र्याने बाटलीचं बूच पण उघडता येतं. हसला. पण खरं सांगू, उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तरी कारगिलचं तो विसरला असेल, मी नाही. नवी एके-२०३ रायफल आता अमेठीजवळ कोरव्याला बनतेय, सहा लाखांच्या वर बनायच्यात, मॅगझिन पॉलिमरचंच. चार-पाच हिवाळे सियाचीन-द्रास बघून येऊ देत त्यांना, मग मी म्हणेन काय ते.

वेर्ण्याचा मोल्डर

मान्य, शर्त मंजूर. आणि काका, कुठे इन्सासचं तुटकं मॅगझिन मिळालं तर मला एक तुकडा हवाय, तडा कुठनं सुरू झाला ते भिंगाखाली बघायचंय, फुकट रिपोर्ट करून देतो.

सत्तरीकर फौजी

तुटकं मॅगझिन?? आरे बाबा तुटलं तरी ते सरकारी, नंबरावर असतं. एक हरवलं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, सगळी कंपनी अख्खी रेंज गुडघ्यावर शोधत फिरते. मी एकदा फिरलोय. सापडलं शेवटी, लंगरच्या मागे, कुत्र्याने नेलं होतं. पोलादी होतं, दातांची नुसती पुसटशी खूण.

शंकासुर

पॉलिमर असतं तर कुत्र्याने खाल्लं असतं, हेच म्हणायचंय ना तुम्हाला 😂

सत्तरीकर फौजी

मी काही म्हणालो नाही. तू म्हणालास.