खरा धोका गोळीपेक्षा कुलपाचा

वैमानिकांकडे पिस्तूल असावं का, या वादात "गोळी सुटली की भोक पडून विमान फुटेल" असं म्हटलं जातं. तसं होत नाही. केबिनमधली हवा एका झडपेतून सतत बाहेर सोडली जात असते. बोटाएवढं भोक पडलं तर ती झडप तेवढी मिटते आणि दाब टिकतो. वायरिंगला किंवा माणसाला गोळी लागणं जास्त घातक.

अमेरिकेत २००३ पासून प्रशिक्षित वैमानिकांना कॉकपिटपुरतं पिस्तूल बाळगता येतं. कॉकपिटबाहेर पडताना ते कुलूपबंद करायचं, म्हणजे प्रत्येक फेरीत हाताळणी आली. मार्च २००८ मध्ये डेन्व्हरहून शार्लटला जाणाऱ्या विमानात उतरण्याच्या तयारीत असताना गोळी सुटली आणि डाव्या बाजूने बाहेर गेली. विमान सुखरूप उतरलं.

तेव्हाच्या होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या म्यानात) कुलपाची कडी ट्रिगरच्या मागून जायला हवी. पिस्तूल तळापर्यंत बसलं नसेल तर ती पुढून जाते, आणि कुलूप दाबताच ट्रिगर ओढला जातो. बाहेरून हे दिसतच नाही! दोन्ही हात विमानाला हवे असताना असलं काम वैमानिकाला देऊच नये. पिस्तूल द्यायचंच तर कॉकपिटमध्येच पक्की बसवलेली तिजोरी हवी. त्याहीआधी, कॉकपिटचं दार उघडताना आडवा येणारा दुसरा अडसर प्रत्येक विमानात बसवा.