शब्दचर्चा : 'बिनवासाचे' आणि 'सुगंधी द्रव्य न घातलेले'

ऐरोलीहून विचारणा

आमच्या बचत गटात साबण, उटणं आणि हातापायाला लावायचं क्रीम तयार होतं. परवान्याचं काम झालंय, आता दिवाळीआधी मराठीत माहितीपत्रक छापायचंय. क्रीम दोन प्रकारचं आहे. एकात सुगंधी असं काहीच घातलेलं नाही, त्यामुळे त्याला मूळ तेलाचा थोडा वास येतो. दुसऱ्यात तो वास झाकण्यापुरतं सुगंधी द्रव्य आहे, त्यामुळे नाकाला काहीच जाणवत नाही. इंग्रजीत पहिल्याला 'फ्रॅग्रन्स-फ्री' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अनसेंटेड'. मराठीत मात्र दोन्हींवर 'सुगंधविरहित' छापलेलं मी पाहिलंय. गटातल्या एकीला सुगंधी क्रीम चालत नाही. तिने हा शब्द वाचून दुकानातून एक क्रीम घेतलं आणि मान लाल होऊन खाजायला लागली. दोन प्रकारांना दोन वेगळे, कुणालाही कळतील असे शब्द हवेत. सुचवाल का?

नौपाडा, ठाणे

ताई, आधी 'वास' घ्या. आता 'वास येतोय' म्हटलं की घाण वासच डोळ्यासमोर येतो, पण हा शब्द मुळात तसा नाही. आमच्या घरी 'वासाचं तेल', 'वासाचा साबण', 'वासाचे तांदूळ' हे सगळे कौतुकाचे शब्द होते. म्हणून 'बिनवासाचं' हा शब्द साधा आणि खरा आहे. नाकाला काही जाणवत नाही, एवढंच तो सांगतो. तुमच्या दुसऱ्या क्रीमला तो चालेल.

'गंधहीन', 'निर्गंध', 'गंधमुक्त' हे शब्द मी घेणार नाही. एक तर 'गंध' म्हटलं की निम्म्या लोकांना कपाळावरचं गंध आठवतं. तो गंध म्हणजे वास आणि ते गंध म्हणजे उगाळलेलं चंदन, लिंगानुसार अर्थ बदलतो. दुसरं, हे तिन्ही शब्दही शेवटी नाकाचीच साक्ष देतात. तुम्हाला सांगायचंय ते भांड्यात काय पडलं त्याबद्दल. त्यासाठी मराठीत क्रियापद सरळ हाताशी आहे: घालणे. 'सुगंधी द्रव्य न घातलेले'. लांब वाटेल, पण त्यातून दुसरा अर्थ निघत नाही.

पावणे, नवी मुंबई

मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुगंधी मिश्रणांचं काम करतो. नौपाड्याच्या सरांचं 'न घातलेले' मला पूर्ण पटलं. कारण सांगतो.

वेष्टनावर 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा एकच शब्द असतो, पण तो एका पदार्थाचं नाव नाही. त्याखाली कितीतरी घटक असू शकतात आणि मिश्रण व्यापारी गुपित असल्यामुळे ते वेगवेगळे छापले जात नाहीत. युरोपात यावर ॲलर्जी आणू शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची यादी केली गेली: लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल, युजेनॉल, कूमारिन वगैरे. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याच्या वर प्रमाण असेल, तर त्यांची नावं स्वतंत्र छापावी लागतात. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या पुढे गेली. नव्या उत्पादनांना ती ३१ जुलै २०२६ पासून लागू होते. लायरल आणि लिलियल ही एकेकाळची लोकप्रिय सुगंधी रसायनं तर तिथे बंदच झाली.

सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं एक: लिनालूल आणि लिमोनीन ताजी असताना त्वचेला फारशी त्रास देत नाहीत. हवेशी संबंध आला की त्यांचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं जास्त त्रासदायक असतात. म्हणून झाकण अर्धवट लावलेली, वर्षभर न्हाणीघरात पडलेली बाटली नव्या बाटलीसारखी राहत नाही. माहितीपत्रकात 'झाकण घट्ट लावा' असं लिहाल तर त्याचं हे कारणही एका ओळीत द्या, ताई. कारण कळलं की लोक पाळतात.

कळवा

मी त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. माझी कळकळीची विनंती 'ॲलर्जी' या शब्दाबद्दल आहे. लोक काहीही झालं तरी 'ॲलर्जी झाली' म्हणतात आणि तिथेच डॉक्टरांना नेमकं कळत नाही. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते वापरा.

लावल्या लावल्या चरचरलं, झोंबलं, आग झाली आणि धुतल्यावर शमलं, तर बहुतेक वेळा तो नुसता दाह असतो. प्रमाण जास्त झालं किंवा त्वचा आधीच सोललेली असली की तो कुणालाही होऊ शकतो. खरं वावडं वेगळं. त्यात सहसा एकदोन दिवसांनी खाज सुटते, लाल पुरळ येतं, मग कातडी खरबरीत होऊन कोंडा सुटतो. एकदा वावडं जडलं की ते सहसा जन्मभर राहतं आणि पुढे अगदी थोडं लागलं तरी उठतं. 'दहा वर्षं हेच लावतेय, मग आताच कसं?' असं आमच्याकडे नेहमी विचारतात. वावडं जडायला आधी संबंध यावाच लागतो, कधी वर्षानुवर्षं.

आणि 'अंगावर गांधी उठल्या' हे याहून निराळं. गांधी काही मिनिटांत उठतात, काही तासांत विरतात. कधी उठलं, किती टिकलं, हे या शब्दांतच येतं, म्हणून डॉक्टरांसमोर ते वापरायला लाजू नका.

घणसोली

'वावडं' मला पटत नाही. 'त्याला कामाचं वावडं आहे' असं आपण म्हणतो. वाचणाऱ्याला वाटेल, हिला नुसतं आवडत नाही.

कळवा

रास्त आहे. पण 'मला वांग्याचं वावडं आहे' म्हटल्यावर कुणी ताटात वांगं वाढत नाही. अंगाचा अर्थ आधीचा, कामाचा नंतर चिकटलेला. पत्रकात 'ॲलर्जी म्हणजेच वावडं' असं एकदा लिहा, पुढे कोणताही वापरा.

खात्री करायची तर पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित घटक लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि नंतर एकदोन दिवसांनी पुन्हा बघतात. पाठ भिजवायची नसते, म्हणून आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत ती अवघड जाते. थंडीत केलेली बरी.

वाशी

आमचा एपीएमसीच्या मसाला बाजारात व्यवहार आहे, म्हणून लिहिते. वर आलेलं युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक ना? दालचिनीतही असाच काही त्रासदायक घटक असल्याचं ऐकलंय.

पावणे

हो ताई, लवंगेबद्दल बरोबर. दालचिनीतला सिनॅमाल, तोही त्या २६ मध्ये आहे. दोन्ही पॅच टेस्टच्या ठरलेल्या मिश्रणात असतात.

ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या डबीवर 'सुगंधी द्रव्य न घातलेले. मूळ तेलाचा सौम्य वास येईल' आणि दुसऱ्या डबीवर 'बिनवासाचे. वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातले आहे' असं ठरवतेय. राहिलं उटणं. त्यावर 'नैसर्गिक सुगंध' लिहायचा गटाचा आग्रह आहे. लिहू का?

पावणे

नका लिहू. 'नैसर्गिक' वाचलं की लोक 'निर्धोक' समजतात. लिनालूल लव्हेंडरमध्ये आहे, लिमोनीन लिंबाच्या सालीत. त्वचेला ते झाडातून आलं की कारखान्यातून, हे कळत नाही. बर्गामोट तेल लावून उन्हात गेलं तर त्वचेवर काळे डाग पडू शकतात, आणि तेही फळाच्या सालीचंच तेल आहे. उटणं धुऊन जातं, म्हणून धोका क्रीमपेक्षा कमी, पण नावं सगळी छापा: चंदन, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, जे जे पडतं ते. गुलाबाच्या पाकळ्या घालून वर गुलाबाचं अत्तरही घालत असाल, तर अत्तर वेगळं लिहा.