वेफर्ससाठी बटाटा: जात बदलावी की पद्धत? (खेड, रब्बी, एक एकर)

खेडचा_शेतकरी
नमस्कार. गेल्या रब्बीत मी कुफरी पुखराज लावला होता. वजन भरपूर मिळाले, परंतु वेफर्स करणाऱ्या ताईंनी माल परत केला, कारण चकती तळल्यावर तांबूस पडत होती आणि तेलही फार पीत होती. दोष जातीचा की माझ्या शेतीचा, हे मला समजून घ्यायचे आहे. जमीन मध्यम, निचऱ्याची आहे. बेण्यावर २५,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येणार नाही आणि विहिरीचे पाणी जानेवारीअखेरपर्यंतच पुरते. कोणती जात लावावी?

मंचरचा_बागायतदार
दादा, चिपसोना-१ लावा, दुसरा विचारच करू नका. ही जात १९९८ साली वेफर्स डोळ्यांसमोर ठेवूनच प्रसारित झाली. मी पाच वर्षे तीच लावतो आहे आणि माझा माल एकदाही परत आलेला नाही. बेणे प्रमाणित घ्या. चाळीस हजार लागले तरी मागे पाहू नका.

पठारावरून
पुखराजला उगाच बदनाम करू नये. आमच्या सातगाव पठारावर खरिपात तिनेच आमची घरे चालवली आहेत. माझ्या मते तुम्ही युरिया उशिरापर्यंत दिला असणार. एका वर्षी मीही भर लावताना दिलेला हप्ता पुरेसा न मानता पुन्हा नत्र टाकले. पाला गुडघ्याच्या वर हिरवागार राहिला आणि बटाटा मात्र कच्चा, पाणचट निघाला.

वाळवणवाली_ताई
मी वीस वर्षे वेफर्स आणि किस करते, म्हणून सांगते. तांबूसपणा आणि तेल पिणे या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. बटाट्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज गरम तेलात अमिनो आम्लांशी संयोग पावतात आणि चकती काळवंडते. तेल जास्त पिते ते कोरडा अंश, म्हणजे बटाट्यातील पाणी सोडून उरणारा भाग, कमी असल्यामुळे. वेफर्सला तो २० टक्क्यांच्या वर हवा, आणि पुखराजमध्ये तो मुळातच कमी असतो. घरी पाहायचे असेल तर दहा लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ विरघळवा आणि त्यात धुतलेले बटाटे सोडा. बुडतील ते चांगले, तरंगतील ते माझ्याकडे आणू नका. आणि माल शीतगृहात ठेवला होता का, हे आधी सांगा. ३-४ अंशांत ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होते.

खटावकर
साखर शीतगृहामुळे होते हे मला पटत नाही. माझा माल शेतातून थेट गेला, तरीही लाल पडला. सगळा दोष पोटॅशचा.

वाळवणवाली_ताई
भाऊ, थंडी शेतातही असते. कडाक्याच्या रात्री आणि अपुरी पक्वता एकत्र आली, की काढणीच्या दिवशीच साखर जास्त असते. पोटॅशचे म्हणाल, तर क्लोराइडऐवजी सल्फेट स्वरूपात दिल्यास कोरडा अंश सुधारतो, हे मात्र खरे.

इंदूरचा_मराठी
आमच्या माळव्यात कुफरी ज्योती ही १९६८ची जुनी जात आजही वेफर्ससाठी मान्य आहे. तीच ज्योती पंजाबात लावली, तर तितकी उतरत नाही, कारण तेथे कंद पोसण्याच्या काळात रात्री फार थंड असतात. म्हणजे मालाचा दर्जा किती उंच जाऊ शकतो हे जात ठरवते, आणि तो तिथवर पोचतो का, हे रात्रीचे तापमान, पाणी व पक्वता ठरवतात. मात्र पुखराजला माळव्यात आणले, तरी तिची चिपसोना होणार नाही.

मंचरचा_बागायतदार
म्हणूनच मी म्हणतो, चिपसोना लावा.

कृषी_पदवीधर
चिपसोना-१ ला सुमारे ११० दिवस लागतात, हे कोणीच लक्षात घेतलेले नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलेले पीक फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तयार होईल, आणि त्यांचे पाणी जानेवारीत संपते. शेवटच्या टप्प्यात ताण बसला, तर चांगली जातही वाया जाते. मध्येच खंड पडून एकदम पाणी दिले, तर कंदांना गाठी फुटतात किंवा आत पोकळी पडते. घरचे बेणे मात्र ठेवू नका. मावा किडीमार्फत शिरलेले विषाणू बेण्यातून पुढच्या पिकात उतरतात आणि लोक म्हणतात, जात बिघडली.

मंचरचा_बागायतदार
टँकर लावा, भाऊ. दर मिळाला की भरून निघेल.

पठारावरून
मी पुन्हा सांगतो, पुखराजच ठेवा आणि युरिया आवरा.

खेडचा_शेतकरी
सर्वांचे मनापासून आभार. माल शीतगृहात ठेवला नव्हता; पण तिसरा युरिया दिला होता आणि पाला हिरवा असतानाच घाईने काढणी केली होती, हे मान्य करतो. टँकर मला परवडणारा नाही. बराच विचार करून मी येथे कोणीही न सुचवलेली ‘कुफरी लवकर’ नावाची जात निवडली आहे. १९७२ची ही जात आपल्या पठारी भागात ७०-७५ दिवसांत हाती येते, म्हणून ती माझ्या विहिरीत बसते. तिच्यावर करपा रोग लवकर येतो, हे मला माहीत आहे. फवारणीची तयारी ठेवली आहे. बेणे प्रमाणितच घेईन. चिपसोनाच्या दोन सऱ्या विहिरीलगत लावून पाहीन. काढणीच्या दहा-बारा दिवस आधी पाणी तोडून पाला कापीन, म्हणजे साल घट्ट होईल. जानेवारीच्या थंडीतला माल असल्यामुळे साखर उतरावी, म्हणून तो दोन-तीन आठवडे सावलीत अरण (झाकलेला ढीग) लावून, उजेड लागू न देता ठेवीन. ताई, मिठाच्या पाण्यात बुडणारे दहा किलो तुमच्याकडे पाठवू का?

वाळवणवाली_ताई
पाठवा. काढणीच्या दिवशीचे पाच किलो आणि अरणातले पाच किलो वेगळ्या पिशव्यांत पाठवा, म्हणजे दोन्ही एकाच तेलात तळून सांगते.