येझदीवरनं मोठी गाडी: बुलेट ५०० का राजदूत ३५०? सांगा की

रोडकिंग_शाहूपुरी:
मंडळी, वडलांची येझदी रोडकिंग वापरतोय, पन्हाळा जोतिबा सगळं हिच्यावरच असतंय, पॉइंट प्लग कार्बोरेटर घरीच करतो त्यामुळं जुन्या गाडीची भीती न्हाई. पण आता मोठं कायतरी पायजे असं लई दिवस डोक्यात हाय. दोन बघून ठेवल्यात. सांगलीत एक बुलेट ५००, जुनी कास्ट आयर्न इंजिनाची, गिअर उजवीकडं. आणि इचलकरंजीत राजदूत ३५०, मालक म्हणतोय हाय टॉर्क, म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेल. रोज न्हाई वापरायची, रविवारी गगनबावडा, मूड असला तर खाली करूळ घाट. एवढ्या गाडीवर डायरेक्ट गेलेलं कुणी हाय का? ॲव्हरेज सांगू नका, त्याची मानसिक तयारी झाल्या.

कास्टआयर्न_०९:
ताकदीचं टेन्शन घेऊ नकोस भावा, ५०० ला २२ बीएचपीच्या आसपास, तुझ्या रोडकिंगला १६, कागदावर काय लई फरक न्हाई. फरक खालच्या आरपीएमला, चढालाबी गिअर पाडावा लागत न्हाई. खरा घोळ पायाचा हाय. तुझ्या उजव्या पायाखाली आजपर्यंत ब्रेक होता, हिला तिथं गिअर, आणि पहिला वर, बाकीचे तीन खाली. म्हणजे बिंदू चौकात रिक्षा आडवी आली आणि सवयीनं उजवा पाय दाबलास की गाडी थांबायची सोडून वरचा गिअर पडतोय!! म्हणून सुरुवातीला पहाटे रिकाम्या रस्त्यावर नुसती थांबायची प्रॅक्टिस कर, पळवायला कुणालाबी येतंय. आणि तोवर येझदीला कव्हर घाल, दोन्ही आलटून पालटून चालवलंस की पाय शिकतच न्हाई.
किक पण नुसती हाणायची न्हाई. ॲम्पिअरचा काटा मधे येईपर्यंत हळू दाबायचं, डिकॉम्प्रेसर (सिलेंडरातला दाब सोडायचा लिव्हर) ओढून जरा पुढं घ्यायचं, मग मारायची. ५०० ची उलटी किक बसली की आठवडाभर लंगडतोयस.

दोनस्ट्रोक_धूर:
५०० घेऊन काय वरातीत चालवणार का मर्दा 😄 तू टू स्ट्रोकचा माणूस, आरडी घे, म्हणजे तीच राजदूत ३५०, मूळची जपानची यामाहा आरडी. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर, हाय टॉर्क असली तर ३०.५ बीएचपी, लो टॉर्कला २७, म्हणजे तुझ्या येझदीच्या जवळजवळ दुप्पट. खाली गरीब वाटती आणि मधेच अशी उठती की हँडल हलकं होतंय.
पण एक गोष्ट खरी, जपानच्या मॉडेलला पुढं डिस्क होती, राजदूतवाल्या एस्कॉर्ट्सनं १९८३ ला इकडं काढली तिला ड्रम दिला. पळायला आरडी आणि थांबायला राजदूत, असं हाय ते. आधी लायनर नवे घाल, ड्रम उद्यमनगरात लेथवर गोल करून घे, मग काय ते पीळ.
बघायला जाशील तेव्हा ऑइल पंप (इंजिनात आपोआप तेल सोडणारा) हाय का बघ. बऱ्याच लोकांनी तो काढून पेट्रोलमधे तेल घालायला सुरू केलंय. मग घाट उतरताना थ्रॉटल बंद, चाकं इंजिन फिरवालीत आणि आत तेल जाईना, पिस्टन धरलाच, म्हणजे सिलेंडरात अडकून जाम. येझदीवर उतारात मधे मधे रेस देतोस न्हवं, तेच इथं जास्त आरपीएमला.

कागदपत्र_आधी:
इंजिनावर बोलायला सगळे हायत, आरसीवर कोण बोलणार? १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतंय, ग्रीन टॅक्स वेगळा. सांगलीची एमएच १० असणार, आपल्या कोल्हापूरच्या ०९ ला नावावर करायला एनओसी लागती का ते आधी आरटीओत विचार. इंजिन आणि चेसिस दोन्ही नंबर घासून स्वतः वाच, आरडीत तर इंजिनं बदललेली लई निघत्यात. आणि कुणी व्हिंटेज रजिस्ट्रेशनचं गाजर दाखवलं तर भुलू नको, २०२१ च्या नियमात ५० वर्षांच्या वरच्याच गाड्या बसतात, भारतातली आरडी अजून त्यात येतच न्हाई आणि आली तरी ती गाडी नेहमीच्या वापराला चालत न्हाई.

रोडकिंग_शाहूपुरी:
उजव्या पायाचं डोक्यातच आलं नव्हतं राव, नुसता आवाज ऐकून आलोवतो. आरडीवाल्याला आत्ता फोन लावला. पंप काढलाय म्हणतोय, "त्याची गरज न्हाई, उलट चांगलं हाय".

दोनस्ट्रोक_धूर:
आता दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून दे म्हण. न्हाई म्हणला तर भाव पाड, न्हाईतर सांगलीची बस धर.

कास्टआयर्न_०९:
सांगलीला येतो मी पण. किक मी मारणार.