ट्रेनिंग झालं हे दाखवता येतं, उपयोग झाला हे कसं दाखवायचं?

एचआर_अंधेरी: अंधेरी एमआयडीसीत पॅकेजिंगचं युनिट आहे. १८० माणसं, त्यातली ७० कंत्राटी, तीन शिफ्ट. ट्रेनिंगचं वार्षिक कॅलेंडर आहे, सह्यांची हजेरीपत्रकं आहेत, फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी ५ पैकी ४-५ दिलेत. तरी आयएसओ ऑडिटमध्ये ‘परिणामकारकतेचा पुरावा नाही’ म्हणून एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे निकष पाळला नसल्याचा शेरा) आली. सॉफ्टवेअरला बजेट नाही, जे काय ते एक्सेलमध्ये. सुरुवात कुठून करू?

ऑडिटवाला: एनसी रास्त आहे. आयएसओ ९००१:२०१५ चं कलम ७.२ माणूस किती तास बसला ते विचारतच नाही. कामाला लागणारी क्षमता ठरवा, कमी असेल तिथे उपाय करा, उपाय लागू पडला का ते तपासा आणि त्याची नोंद ठेवा, एवढंच त्यात आहे. ट्रेनिंगचा उपयोग मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, कामातली वागणूक, परिणाम. तुमचे फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबलेत. समोसे गरम असले तरी ४.५ येतात.

सगळी ट्रेनिंग चौथ्या पायरीपर्यंत ओढत नेऊ नका. आगीच्या ड्रिलला बाहेर पडायला किती मिनिटं लागली आणि हजेरी जुळली का, इतकं पुरे. रिजेक्शन किंवा मशीन बंद राहण्याशी थेट संबंध असलेले दोन-तीन विषय निवडा आणि ते शेवटपर्यंत मोजा.

पाळीप्रमुख: तिसरी पायरी ऑफिसात बसून मोजता येत नाही. प्रत्येक ट्रेनिंगसाठी डोळ्यांना दिसतील अशा पाच-सहा कृती लिहा. ‘सीलिंगचं तापमान जॉबकार्डाशी ताडून पाहतो’, ‘रोल बदलल्यावर पहिले पाच पाऊच दाबून तपासतो’ अशा. ‘गुणवत्तेची जाणीव आहे’ हे वाक्य लिहिलंत की सुपरवायझर डोळे मिटून ‘हो’ करणार. तपासणी ३० आणि ९० दिवसांनी, न सांगता आणि शक्यतो दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरकडून. स्वतःच्या माणसाला कोणी ‘नाही’ लिहीत नाही.

त्यावरून स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, भरा: ० माहिती नाही, १ शिकतोय, २ देखरेखीखाली करतो, ३ एकटा करतो, ४ दुसऱ्याला शिकवतो. प्रत्येक मशीनवर प्रत्येक शिफ्टला ३ किंवा वरचे किमान दोघे हवेत. जिथे एकच आहे तिथे पुढचं ट्रेनिंग. कॅलेंडर मॅट्रिक्समधून निघायला हवं, बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं.

आकडेमोड: एक्सेलमध्ये एका ओळीत एक माणूस, एक ट्रेनिंग. महिन्याला नवी शीट काढलीत तर वर्षअखेरीस जुळवता जुळवता दमाल. रकाने: टोकन नंबर, ट्रेनिंग कोड, तारीख, तास, आधीचे गुण, नंतरचे गुण, ३० आणि ९० दिवसांचा निकाल, वैधता महिन्यांत, पुढची तारीख. शेवटचा रकाना ‘एडेट’ (तारखेत महिने मिळवणाऱ्या) फॉर्म्युल्याने आपोआप भरतो. माणूस नावाने शोधू नका, स्पेलिंग दर वेळी वेगळं असतं.

परीक्षा आधी-नंतर तीच, फक्त प्रश्नांचा क्रम बदलून. ४० वरून ७० म्हणजे शक्य असलेल्या ६० पैकी ३० गुणांची वाढ, ५० टक्के. ८० वरून ९० हीसुद्धा ५० टक्केच. नुसता फरक पाहिलात तर ज्याला काम आधीपासून येतं तोच ढ ठरतो. सरासरीत दोन्ही पेपर दिलेलेच धरा. पावसाळ्यात लोकल रखडली की निम्मे जण आधीच्या पेपरला नसतात, म्हणून तो सकाळी ९ ला न घेता आदल्या दिवशी शिफ्टमध्येच उरकावा.

रिजेक्शनचं मात्र जपून. आकडा सर्वात वाईट असलेल्या महिन्यात ट्रेनिंग लावलं जातं, आणि तो पुढच्या महिन्यात तसाही थोडा खाली येतो. आधीचे १२ आठवडे मांडा. एका लाइनला आता, दुसरीला दोन महिन्यांनी शिकवा, तोवर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. त्या काळात फिल्मचा सप्लायर किंवा सीलिंग जॉ (पाऊच दाबून बंद करणारा मशीनचा भाग) बदलला असेल तर शेऱ्यात लिहा.

एचआर_अंधेरी: कंत्राटी माणसं दर चार-सहा महिन्यांनी बदलतात. त्यांनाही मॅट्रिक्समध्ये धरायचं?

ऑडिटवाला: धरायचंच, ताई. कलमात ‘संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणारी व्यक्ती’ असं आहे, पगार कोण देतं याचा संबंध नाही. पण त्यांना बारा विषय नकोत: सुरक्षा आणि ज्या मशीनवर उभे राहणार त्याची चेकलिस्ट. निकाल ३ येईपर्यंत मशीनवर एकटं सोडू नका. आणि गेलेल्या माणसाचा टोकन नंबर नव्याला देणं ठेकेदाराला आधी बंद करायला लावा, नाहीतर एकाच्या नावावर दुसऱ्याचं ट्रेनिंग चढतं.